लेकरांचा आवाज सांभाळू या

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत लेकरांच्या आवाजाविषयी.

आधी एक करून बघा. गळ्यावर मधोमध दोन बोटं ठेवा आणि लांब ‘आऽऽ’ म्हणा. बोटांना थरथर लागली ना? गळ्यात आत दोन नाजूक, मऊ पट्ट्या असतात. त्यांना म्हणतात स्वरतंतू. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात, बोलताना जवळ येतात आणि छातीतून येणारी हवा त्यांना थरथरवते. फुग्याचं तोंड ताणून हवा सोडली की आवाज निघतो, तसंच हे.

आता लेकरांत आणि आपल्यात फरक काय? तान्ह्या बाळाचे स्वरतंतू जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे. बाईचे सुमारे 15 मिलिमीटर, पुरुषाचे सुमारे 20. तार जितकी आखूड आणि बारीक, तितकी ती भरभर थरथरते आणि सूर उंच लागतो. बाळ रडतं तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला 400 ते 500 वेळा थरथरतात. बोलताना बाईचे साधारण 200 वेळा, पुरुषाचे 100 ते 125 वेळा.

दुसरा फरक आतला आहे. मोठ्यांच्या स्वरतंतूंत आधार देणारा एक चिवट थर असतो. बाळात तो जन्मतः नसतो. वय वाढतं तसा हळूहळू तयार होतो आणि वयात येईपर्यंत पक्का होतो. म्हणजे लेकरांचे स्वरतंतू कोवळे, आणि एकमेकांवर आपटतात मात्र आपल्यापेक्षा जास्त वेळा.

म्हणून रोज किंचाळून, ओरडून खेळणाऱ्या मुलाचा आवाज बसतो. खुरपं धरून तळहाताला घट्टे पडतात ना, तसे बारीक घट्टे स्वरतंतूंवर येतात. मग आवाज घोगरा होतो. ‘याचा आवाजच तसा’ म्हणून आपण सोडून देतो. वर्गात मुलं हसतात आणि लेकरू मोठ्यानं वाचायचंच टाळतं. खरं तर अशा घट्ट्यांना बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. आवाज नीट कसा वापरायचा ते शिकवलं की बराच फरक पडतो.

मुलगा 12-15 वर्षांचा झाला की स्वरतंतू भराभर लांब आणि जाड होतात, कंठमणी पुढे येतो. आवाज मध्येच फाटतो, मध्येच चिरका होतो. शेवटी तो जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडाच. हा आजार नाही. काही महिन्यांत आवाज बसतो. तोवर घरात त्याची नक्कल करू नका.

मग आपण काय करायचं? लांबून हाका मारण्यापेक्षा जवळ जाऊन बोलायचं, म्हणजे लेकरंही तेच शिकतात. पाणी वरचेवर द्यायचं. चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून त्यांना दूर ठेवायचं. घसा बसला तर कुजबुजायला लावू नका, त्यानंही ताण पडतो. हळू, साध्या आवाजात बोलू द्या.

घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर आशाताईंना विचारून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बाळाचं रडणं जन्मापासूनच घोगरं किंवा अगदी क्षीण असेल, तर तीन आठवडे थांबू नका. आणि श्वास घेताना घरघर होत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

एक शेवटचं. आवाज जपणं म्हणजे लेकराला गप्प बसवणं नव्हे. ‘मुलीच्या जातीनं हळू बोलावं’ हे तर आम्ही मुळीच सांगत नाही. आज जपलेला गळा उद्या ग्रामसभेत खणखणीत बोलेल. येत्या बैठकीत गटातल्या सगळ्यांनी गळ्याला बोटं लावून बघा, आणि घरी गेल्यावर लेकरांनाही करायला सांगा.