पिकअपचे ब्रेक : नुसते पॅड बदलावेत की डिस्कही?



भाजीच्या हंगामात जुन्नर-ओतूर भागातल्या गाड्या माळशेज घाट उतरून कल्याण, वाशीच्या बाजाराला जातात. नाशिककडच्या कसारा घाटानं उतरतात. रात्रीची वेळ, गाडी मालानं भरलेली आणि उतार लांबचा. अशा वेळी पुढच्या चाकांतले ब्रेक धड आहेत की नाहीत, यावर माणसाचा जीव असतो. म्हणून आज आपण ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांविषयी माहिती घेऊ. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. तिला दोन बाजूंनी पॅड आवळतात आणि गाडी थांबते.

ब्रेक दाबला की वजन पुढं झुकतं, त्यामुळे निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या चाकांवर पडतं. आणि वेग दुप्पट झाला की थांबवण्याचं काम दुप्पट नाही, चौपट होतं. हे सगळं काम उष्णता होऊन पॅड-डिस्कमध्ये उतरतं. डिस्क झिजून पातळ झालेली असेल तर ती लवकर तापते, आणि फार तापलेला ब्रेक पकडत नाही.

पॅडवरचा मसाला नवा असताना साधारण १० ते १२ मि.मी. जाड असतो. तो ३ मि.मी.वर आला की बदलावा. काही पॅडना पत्र्याची बारीक जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून चीं-चीं आवाज करते. हा आवाज ऐकूनही गाडी चालवत राहिलात तर खरखर सुरू होते. मग लोखंड डिस्कला खात असतं, आणि पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च येतो.

आता डिस्क. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, गंज पुसून पाहावी. मापताना एक खुबी आहे. डिस्कच्या कडेला न झिजलेला उंच काठ राहतो. व्हर्नियर त्या काठावर टेकला की माप फसवं येतं. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक नाणं काठाच्या आत ठेवून मापावं आणि नाण्यांची जाडी वजा करावी. समजा किमान जाडी २० मि.मी. आहे आणि डिस्क २०.५ भरली. ती आज चालेल, पण नवे पॅड झिजेपर्यंत टिकेलच असं नाही. माझं मत, अशा वेळी डिस्कही बदलून टाकावी. लेथवर घासून घ्यायची तर घासल्यानंतरची जाडीही किमान मापाच्या वर राहिली पाहिजे. तडा गेलेली डिस्क मात्र घासू नये, काढूनच टाकावी. पावसानंतर वरवर आलेला तांबूस गंज चार वेळा ब्रेक मारला की जातो, त्यासाठी खर्च नको.

दुकानदार म्हणेल, “हाच बसतो, सगळे हाच नेतात.” त्याला गाडीचं मॉडेल, साल आणि चासी नंबर सांगा, जुना पॅड शेजारी ठेवून पाहा आणि पक्कं बिल घ्या. फार मऊ पॅड लवकर संपतो, फार कडक पॅड डिस्क खातो. ओझ्याच्या गाडीला कंपनीनं ठरवलेल्या दर्जाचाच पॅड बरा. पॅड काय, डिस्क काय, दोन्ही चाकांना जोडीनंच बदलावी. नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते.

आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, असं दिसलं तर बहुधा क्यालिपरच्या पिना किंवा पिस्टन अडकलेला असतो. शेतातल्या चिखलानं हे होतं. ते मोकळं न करता पॅड घातले तर तेही तसेच जातील. पिनांना त्यांचंच खास ग्रीस लावावं, मसाल्याला मात्र बोट लागू देऊ नका. तेल लागलेला पॅड जाळून साफ करण्याची रीत चुकीची आहे, तो बदलावा. धूळ फुंकू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. नव्या डिस्कवरचं तेलही साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं करावं.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागं ढकललेले असल्यामुळे पहिल्यांदा पेडल तळाला जातं. मग रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर घेऊन ताशी ५० वरून १५ वर, बेताचा ब्रेक मारत, आठ-दहा वेळा आणावी. मधे ब्रेक निवू द्यावा. पॅड डिस्कवर नीट बसायला पुढेही दोनेकशे किलोमीटर लागतात. तोवर भरलेली गाडी घाटात नेऊ नका. नंतरही घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं. बाटलीवरचा डॉट क्रमांक टाकीच्या झाकणावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा, आणि त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका. त्यानं आतली रबरं फुगतात.