गायतोंडे यांचे काम



मजूर चळवळीतला माणूस चित्रकलेवर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. आम्ही बोलणार आहोत ते कामाविषयी.

वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरास जन्मले, गिरगावच्या चाळीत वाढले. १९४८ साली जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी घेतली. आरंभीच्या चित्रांत माणसे होती. पुढे पाउल क्लेची चित्रे मनात भरली, आकृती विरत गेल्या, रंग आणि उजेड तेवढे उरले. त्यांना ‘अमूर्त’ म्हटलेले मात्र गायतोंड्यांना रुचत नसे.

आता त्यांची रीत पाहा. कुंचला बाजूला ठेवून ते रोलर आणि सुरी हाती घेत. रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, पुन्हा थर. मासिकांचे कागद फाडून त्यांनी आकार उमटवायचे. वर्षाकाठी चित्रे होत जेमतेम पाच-सहा. बाकीचा वेळ विचारात जाई. कारखान्यातला मुकादम याला आळस म्हणाला असता! आम्ही याला कामच म्हणतो. नगावर मजुरी मोजणाऱ्यांनी कामगाराचा नेमका हाच वेळ हिरावला, आणि आमचे सारे भांडण त्यासाठीच आहे.

गायतोंडे २००१ साली वारले. २०२१ साली त्यांच्या एका चित्राला लिलावात सुमारे चाळीस कोटी रुपये आले. चित्रकाराच्या पदरी त्यातले काय पडणार!

“पण चित्रात आहे काय?” असे आमचे सोबती विचारतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रे आहेत. ती भिंतीवर लागतील तेव्हा एकीसमोर पाव तास उभे राहा. पहिली पाच मिनिटे काही दिसत नाही.