विषबाधा आणि मेंदूचे पहारेकरी

पिंपळगांव बसवंतच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी आटोपली कीं फवारणीचे दिवस सुरू होतात. निफाड तालुक्याच्या या बाजारपेठेची समृद्धि कीड व रोग यांच्याशीं चाललेल्या झगड्यावर उभी आहे. त्या झगड्यांतील शस्त्र उलटलें म्हणजे काय होतें, हें २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत दिसलें. कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर बाधले. वीसांहून अधिक दगावले.

कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाचें विष मज्जासंस्थेवरच घाला घालतें. एका मज्जापेशीचा निरोप पुढें पोंचविण्याचें काम असेटिलकोलीन हें द्रव्य करतें, व निरोप पोंचतांच त्याचें विघटन करणारें एक किण्व तेथें सज्ज असतें. विष त्या किण्वालाच जायबंदी करतें. मग निरोप्या दारांतून हलत नाहीं आणि त्याची हांकहि थांबत नाहीं. लाळ सुटते, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो, झटके येतात.

झटके लांबले म्हणजे मज्जापेशी मरूं लागतात आणि मेंदूचे पहारेकरी जागे होतात. मायक्रोग्लिया हें त्यांचें नांव. स्पेनचे शास्त्रज्ञ पीओ देल रीओ ओर्तेगा यांनीं १९१९ सालीं त्यांची स्वतंत्र ओळख पटविली. गर्भावस्थेच्या आरंभींच या पेशी मेंदूंत येऊन वसतात व आपल्या बारीक फांद्यांनीं सभोंवार चांचपीत राहतात. इजा होतांच त्या तेथें जमतात, मृत पेशींचा मळ गिळतात व दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सोडतात. ताऱ्याच्या आकाराच्या अॅस्ट्रोसाइट पेशी फुगून जखमेभोंवतीं कुंपण घालतात. रक्त व मेंदू यांमधील तटबंदी सैल झाली, तर रक्तांतील श्वेतपेशीहि आंत शिरतात.

हें सारें रक्षणासाठींच होय. परंतु चोर गेल्यावरहि पहारेकरी लाठी फिरवीत राहिला, तर घरच्यांनाच मार बसतो. प्राण्यांवरील प्रयोगांत असा दाह झटके थांबल्यावरहि कित्येक आठवडे टिकलेला आढळला आहे. त्याला आवर घालणारें सर्वमान्य औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं.

म्हणूनच पहिल्या घटकांचें मोल मोठें. कपडे तत्काळ उतरावे, अंग साबणपाण्यानें धुवावें, आणि रोग्यास औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीसह विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. तेथें अॅट्रोपीन व झटके थांबविणारीं औषधें वेळेवर मिळालीं, तर प्राण वांचण्याची आशा वाढते; आणि झटके जितके लवकर थांबतील, तितकी मेंदूची हानिहि टळते.