परातीतील वाळू आणि चार चाके



गोवंडीच्या बालकांना वाहनांचा सहवास उदंड आहे. एका अंगाने हार्बर मार्गाच्या आगगाड्या, दुसऱ्या अंगाने पनवेलकडे जाणारा हमरस्ता, आणि देवनारच्या ज्या भूमीवर १९२७ सालापासून मुंबईचा कचरा पडत आला, तिच्या वाटेवरील मालमोटारी. तेथील मूल उंबरठा धरून उभे राहू लागले की तोंडाने भोंगा वाजवू लागते. परंतु चाक फिरताना पाहणे निराळे आणि ते स्वतःच्या हाताने फिरवणे निराळे. गल्ली चिंचोळी, खोली एकच, अंगण नाही. मग मुलाने आपली गाडी चालवावी तरी कोठे? तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बिऱ्हाडांतूनही हीच अडचण आहे. गुळगुळीत फरशीमुळे ती आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

फरशीवर गाडी नुसती घरंगळते. तीच ओल्या वाळूत ढकलू द्या. चाके रुततात, मनगटाला जोर लावावा लागतो आणि मागे दोन रेघा उमटतात. 'चाकोरी' हा शब्द आपण प्रौढ माणसे तुच्छतेने उच्चारतो; दोन वर्षांच्या मुलाला मात्र ती स्वतः काढलेली पहिली वाट असते! वाळू कोरडी असली तर ती वाट लगेच बुजते, हेही त्याला कुणी सांगावे लागत नाही.

याला एक परात पुरे. आज वाळू, उद्या लाकडाचा भुसा, परवा साबणाचा फेस. प्रत्येकाचा स्पर्श वेगळा, चाकांचा आवाज वेगळा. बसण्याचा पाट भिंतीला तिरका टेकवला की उतार झाला. पाट जरा उंचावला तर गाडी अधिक दूर का जाते, हे मूल विचारणार नाही. ते वीस वेळा करून पाहील. आपण मध्येच बोलू नये. गेरूच्या पाण्यात चाके बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर फिरवली तर ठशांची नक्षी मिळते. कचराभूमीलगतची माती मात्र या कामी आणू नये. तीत काचा असतात, आणि न दिसणारी विषारी द्रव्येही असू शकतात.

मॉण्टेसोरीबाईंना खेळण्यांचे फारसे कौतुक नव्हते. मुलाला खरे काम हवे असते, असे त्यांचे मत. ते मान्य करूनही मी म्हणेन की गाडीत खडे भरणे, ते रिते करणे, गाडी धुऊन पुसणे, हे मुलाच्या लेखी खरेच काम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, व १९५७ पासून कोसबाडला, खडे, पाने, बिया यांवरच बालशिक्षण उभे केले आणि बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. गोवंडीत अंगणच नाही, तेव्हा तेथे परातीलाच अंगण मानावे लागेल.

'मृच्छकटिक' नाटकाला नाव मिळाले ते मातीच्या गाडीवरून. चारुदत्ताचा छोटा रोहसेन ती गाडी नाकारतो; शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर त्याला मातीची कशी रुचावी? वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत भरते आणि पुढे केवढा अनर्थ ओढवतो! आजची सोन्याची गाडी म्हणजे कळ दाबताच आपण होऊन धावणारी मोटार. ती धावते आणि मूल पाहत बसते. काडेपेटीला बाटलीची झाकणे जोडून केलेली गाडी तिच्याहून सरस, कारण ती ढकलल्यावाचून हलत नाही.

पण येथे सावधगिरी हवी. तीन वर्षांखालील मूल निसटलेले चाक किंवा झाकण तोंडात घालते आणि ते घशात अडकू शकते. तेव्हा त्याला मोठी, सलग घडवलेली गाडी द्या, आणि जवळ बसा. विजेरीच्या खेळण्यातील चपटा, गोल सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजून निघते. घटकाही न दवडता इस्पितळ गाठावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून पोपडे सुटलेले खेळणे नकोच. २०२१ सालापासून बाजारी खेळण्यांवर भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली आहे. घेताना ती पाहून घ्यावी.

वाळू सांडते, ही गृहिणींची तक्रार रास्त आहे. परातीखाली जुने लुगडे अंथरावे. खेळ आटोपला की मुलाने दोन टोके धरावीत, आपण दोन, आणि वाळू पुन्हा परातीत ओतावी.