जरीतलं सोनं पिवळं का?

एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात असलेलं कुंभकोणम आणि त्याच्या शेजारचं, रेशमी साड्यांचं तिरुभुवनम. या साड्यांतली अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, आणि तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा. आवर्त सारणीत सोनं चांदीच्या अगदी खाली बसतं. दोघांच्याही अणूत सर्वांत बाहेर एकेकच इलेक्ट्रॉन. तरीही चांदी पांढरी, आणि हवेतल्या गंधकानं काळवंडणारी. सोनं मात्र पिवळं, आणि वर्षानुवर्षं तसंच! रसायनशास्त्रात याहून सुंदर कोडं मला माहीत नाही.

सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे 58 टक्के होतो. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनची सापेक्षता लागू करावीच लागते. इलेक्ट्रॉन जणू पाचव्या हिश्श्यानं जड होतो आणि त्याची कक्षा आक्रसते. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉनही केंद्राजवळ डोकावून जाणारा, म्हणून त्याची कक्षाही आत ओढली जाते. त्याच्या खालच्या थरातले, ज्यांना डी-इलेक्ट्रॉन म्हणतात, ते उलट थोडे सैल होतात. या दोन थरांमधलं ऊर्जेचं अंतर कमी होतं, निळा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला पिवळा रंग दिसतो. चांदीत हे अंतर इतकं मोठं, की त्याला अतिनील किरणच लागतात.

1929 साली खुद्द भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी लिहिलं होतं, की साध्या रसायनशास्त्रात सापेक्षतेला महत्त्व नाही. हे मत पुढे कित्येक दशकं टिकलं. फिनलंडचे पेक्का प्युक्क्यो आणि फ्रान्सचे देक्लो यांनी 1979मध्ये त्याविरुद्धचा पुरावा एकत्र मांडला.

आता काळवंडण्याचं. चांदीचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला 7.58 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, सोन्याला 9.23 लागतात. म्हणून सोनं इलेक्ट्रॉन सहजी देत नाही. उलट, सीझियम भेटलं तर त्याचा इलेक्ट्रॉन घेऊन ते क्लोराइडसारखं ऋणभारित होतं. एका धातूनं असं वागावं! सैल झालेल्या डी-इलेक्ट्रॉनांमुळे सोनं तीन, फ्लोरिनबरोबर तर पाचसुद्धा इलेक्ट्रॉन गुंतवतं. चांदी बहुधा एकावरच थांबते.

मुलाम्याच्या द्रावणात सोन्याचा अणू सहसा दोन सायनाइडांच्या मधोमध, सरळ रेषेत असतो. या बांधणीलाही सापेक्षतेचा आधार आहे. आणखी नवल म्हणजे, सोन्याच्या दोन धनभारित अणूंनी एकमेकांना दूर लोटायला हवं. पण अनेक संयुगांत ते जवळ येतात, आणि ही ओढ हायड्रोजन बंधाच्या तोडीची भरते.