दैवदुर्विलास की माणसांचा हट्ट?

(शिक्षक शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त पाठ)



‘सिच्युएशनल आयरनी’ची व्याख्या फळ्यावर लिहून मुलांना ती समजत नाही. आपल्या मराठीत म्हणच आहे, ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’. एवढे सांगा आणि शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हातात घ्या.

१५९७ साली प्रथम छापलेल्या या नाटकात उदाहरणांची कमी नाही. रोमिओ भांडण थांबवायला मध्ये पडतो. त्याच्याच हाताखालून टिबॉल्टची तलवार मर्क्युशिओला लागते. ज्युलिएट बापापुढे खोटा होकार देते, तर तो खूश होऊन लग्न गुरुवारवरून बुधवारी आणतो. पाद्री लॉरेन्स तिला वाचवण्यासाठी बेचाळीस तास मृतवत ठेवणारे औषध देतो. ते मरण खरे समजून रोमिओ विष घेतो. खरी हकीकत सांगणारे पत्र, प्लेगच्या संशयावरून कोंडलेल्या निरोप्याकडेच राहिलेले असते.

इथे फरक दाखवा. ज्युलिएट जिवंत आहे हे प्रेक्षकांना ठाऊक, रोमिओला नाही, ही नाट्यगत आयरनी. वाचवायला दिलेल्या औषधानेच घात केला, ही प्रसंगातली.

मुले म्हणतील, ‘नशीब!’ आपला ‘दैवदुर्विलास’ हा शब्दही तिकडेच नेतो. तिथे थांबू नका. विचारा, या दोघांना लपून लग्न का करावे लागले? प्लेग दैवाचा म्हणा, वैर तर माणसांचे होते. चौदाही पूर्ण न झालेल्या मुलीला बापच सुनावतो, मी सांगेन त्याच्याशी लग्न कर, नाहीतर रस्त्यावर मर. शेवटी दोन्ही बाप हातात हात देतात, पण मुलांच्या प्रेतांपाशी.

ही गोष्ट फक्त वेरोनाची नाही. आपला १९५४चा विशेष विवाह कायदा धर्म न बदलता लग्नाची मुभा देतो. पण त्यातली ३० दिवसांची जाहीर नोटीसच अनेकदा जोडप्याचा ठावठिकाणा विरोधकांच्या हाती देते. ही कुठली आयरनी, हे मुलांनाच ओळखू द्या.

गृहपाठ एकच द्या. एखाद्या मोठ्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले असते तर पुढचे टळले असते, अशी नाटकातली एक जागा शोधा. मुलांना घरी काय बोलता येत नाही, तेही त्या उत्तरांत उमटेल. त्या वह्या जपून वाचा, आणि त्यातले वर्गात मोठ्याने वाचू नका.