पडद्यावरची गर्टी, मंचावरचे मॅके

चलच्चित्रातील, म्हणजे कागदावर रेखाटून हलते केलेले पात्र आणि हाडामांसाचा कलावंत यांना एकाच विनोदी खेळात गुंफण्याचे आद्य उदाहरण म्हणून अमेरिकन व्यंगचित्रकार विन्झर मॅके यांच्या ‘गर्टी’चा उल्लेख करावा लागतो. गाणी, नकला, जादू अशा सुट्या करमणुकीच्या ‘व्हॉडव्हिल’ मंचावर १९१४ साली शिकागोत हा खेळ प्रथम झाला.

गर्टी ही पडद्यावरची डायनॉसॉर मादी. हातात चाबूक घेऊन शेजारी उभे असलेले मॅके तिला हुकूम सोडत, ती कधी ऐके, कधी हट्ट करी आणि ते रागावल्यावर मुसमुसून रडे. त्यांनी सफरचंद फेकल्याचा आविर्भाव करून ते लपवताच, त्याच क्षणी पडद्यावर रेखाटलेले सफरचंद गर्टी मटकावत असे. शेवटी तर ते स्वतः पडद्यामागे नाहीसे होत आणि त्यांचे रेखाचित्र तिच्या पाठीवर बसून निघून जाई.

यातील खरी मेख वेळेच्या जुळणीत होती, कारण चित्रपट आधीच तयार असल्याने नटाचे वाक्य क्षणभर लांबले तरी विनोद फसला असता. चित्रे थरथरू नयेत म्हणून कागदांवर जुळणीच्या खुणा केलेल्या असत, मात्र पार्श्वभूमीही प्रत्येक कागदावर नव्याने काढावी लागे, आणि हे किचकट काम एका तरुण साहाय्यकाकडे होते. पुढे चित्रपटगृहांसाठी काढलेल्या आवृत्तीत मॅके यांच्या जिवंत चित्रीकरणाची प्रस्तावना जोडण्यात आली व मंचावरील संवादांची जागा लिखित पाट्यांनी घेतली. त्यात मूळ खेळातील गंमत बरीच उणावली.